आरमारी डावपेचांचे संगणकीय खेळ

आरमारी डावपेचांचे संगणकीय खेळ : युद्धकाळातील आरमाराचे, एखाद्या जहाजाचे किंवा पाणबुडीचे नेतृत्व खेळाडूकडे सोपवून सागरी लढाईची आखणी व संचालन करायला लावणारे व्हिडिओ खेळ. बहुसंख्य खेळांची पार्श्वभूमी दुसऱ्या महायुद्धाची (१९३९–४५) असते, आणि त्यातही अटलांटिकमधील पाणबुडीयुद्ध व पॅसिफिकमधील विमानवाहू नौकांच्या लढाया यांचा वाटा मोठा. पहिले महायुद्ध, शीतयुद्ध आणि शिडाच्या जहाजांचा काळ त्यानंतर येतात. नुसत्या नेमबाजीच्या खेळांपासून यांना वेगळे करणारी खूण म्हणजे शत्रू कुठे आहे हे शोधण्यातच खेळाचा मोठा भाग खर्ची पडतो. जमिनीवरील युद्धखेळात डोंगर, नदी, रस्ता यांवरून शत्रूच्या वाटेचा अंदाज बांधता येतो. समुद्र असा आधार देत नाही. म्हणून प्रस्तुत नोंदीत चित्रणाच्या प्रगतीपेक्षा शोध, लपलेली हालचाल आणि पंच या तीन गोष्टींना अधिक जागा दिली आहे.

पूर्वपीठिका : या खेळांचे मूळ कोठे धरावे याविषयी मतभेद आहेत. काही लेखक ते स्कॉटलंडमधील व्यापारी जॉन क्लार्क ऑफ एल्डिन (१७२८–१८१२) याच्यापर्यंत नेतात. नौदलात कधीही नोकरी न केलेल्या क्लार्कने टेबलावर जहाजांच्या छोट्या प्रतिकृती मांडून आरमारी डावपेचांचा अभ्यास केला. त्याचा प्रबंध १७८२ मध्ये खाजगीरीत्या छापला गेला आणि १७९० मध्ये प्रसिद्ध झाला. १२ एप्रिल १७८२ रोजी कॅरिबियनमधील सेंट्सच्या लढाईत ब्रिटिश ॲडमिरल रॉडनीने फ्रेंच रांग भेदली ती क्लार्कच्याच विचारांमुळे, असा दावा त्याच्या समर्थकांनी केला. सर हॉवर्ड डग्लस यांनी तो खोडून काढून श्रेय आपले वडील चार्ल्स डग्लस (रॉडनीच्या आरमाराचे कप्तान) यांना दिले. वारा अचानक फिरल्यामुळे फ्रेंच रांगेत खिंडी पडल्या आणि समोर आलेली संधी ब्रिटिशांनी साधली, हे तिसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. शिवाय क्लार्कच्या मांडणीत दोन प्रतिस्पर्धी, नियम आणि निकाल हे घटक नव्हते. तिला खेळ म्हणण्यापेक्षा प्रात्यक्षिक म्हणणे योग्य.

नियमबद्ध आरमारी खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पाव भागात आढळतात. ब्रिटिश नौदलातील फिलिप कोलंब याने दोन जहाजांच्या द्वंद्वाचा खेळ सु. १८७८ मध्ये मांडला. फ्रेड जेन याने १८९८ मध्ये आपल्या खेळाचे नियम प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी जगातील युद्धनौकांची माहिती देणारे त्याचे प्रसिद्ध वार्षिकही निघाले. जेनच्या खेळात जहाजाचे चित्र असलेल्या पत्त्यावर टाचणी लावलेल्या फळीने फटका मारायचा आणि छिद्र जिथे पडेल तिथे गोळा लागला असे धरायचे. चिलखताची जाडी चित्राच्या भागाभागावर नोंदलेली असे. आजच्या खेळांतील जहाजांची माहितीकोठारे, प्रत्येक तोफेचा पल्ला आणि प्रत्येक पत्र्याची जाडी नोंदणारी, याच परंपरेतली आहेत. अमेरिकेत न्यूपोर्ट येथील नौदल युद्ध महाविद्यालयात विल्यम मॅकार्टी लिटल यांनी १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून युद्धखेळ रुजवले. दोन महायुद्धांच्या दरम्यान जपानविरुद्धची संभाव्य मोहीम तेथे इतक्यांदा खेळली गेली की, आत्मघाती विमानहल्ले सोडले तर युद्धात अनपेक्षित असे फारसे काही घडले नाही, असे युद्धकाळात अमेरिकेच्या पॅसिफिक आरमाराचे प्रमुख असलेले ॲडमिरल निमिट्झ यांनी पुढे नमूद केले.

लिव्हरपूल येथील डर्बी हाउसमध्ये जानेवारी १९४२ मध्ये स्थापन झालेले ‘वेस्टर्न ॲप्रोचेस’ (ब्रिटनकडे येणाऱ्या अटलांटिकमधील जलमार्गांचे रक्षण करणाऱ्या) नौदल विभागाचे डावपेच-पथक हा या इतिहासातील सर्वांत बोधप्रद टप्पा होय. कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांच्या हाताखाली बहुतांशी तरुण महिला नौसैनिक होत्या. फरशीवर चौकटी आखून त्या जहाजांच्या हालचाली खडूने काढीत. रक्षक-नौकांच्या भूमिकेतील अधिकाऱ्यांना कॅनव्हासच्या पडद्यातील फटीतून, प्रत्यक्ष समुद्रावर जेवढे दिसले असते तेवढेच दिसे. पाणबुडीचा मार्ग हिरव्या खडूने काढला जाई, कारण तो पडद्यामागून दिसत नसे. याच फरशीवर जर्मन पाणबुड्या रात्री पृष्ठभागावरून, मागच्या बाजूने ताफ्याच्या रांगांत शिरून पाणतीर (टॉर्पेडो) सोडतात हे उलगडले, आणि त्यावर ‘रास्पबेरी’ नावाचा प्रतिडाव बसवला गेला. युद्धसमाप्तीपर्यंत सु. ५,००० अधिकाऱ्यांनी येथे शिक्षण घेतले. प्रत्येक पक्षाला अपुरे ज्ञान आणि पूर्ण चित्र फक्त पंचाकडे, ही संगणकीय खेळांची मूळ रचना येथे तयार झालेली दिसते.

पंचाचा प्रश्न : माणूस पंच असला की निकालावर दडपण येते, याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण पॅसिफिकमधील मिडवे बेटाच्या लढाईपूर्वी झालेल्या जपानी सरावाचे आहे. मे १९४२ च्या आरंभी ‘यामातो’ या युद्धनौकेवर झालेल्या पटावरील सरावात अमेरिकी विमानांच्या हल्ल्यासाठी फासे टाकले असता नऊ बॉम्ब लागल्याचा निकाल आला आणि ‘आकागी’ व ‘कागा’ या विमानवाहू नौका बुडाल्याचे ठरले. सरावाचे प्रमुख पंच ॲडमिरल उगाकी यांनी ही संख्या तीनवर आणली. ‘आकागी’ वाचली, आणि बुडालेली ‘कागा’ही सरावाच्या पुढच्या टप्प्यात पुन्हा हजर झाली. ४ जून १९४२ च्या प्रत्यक्ष लढाईत दोन्ही नौका गमावल्या गेल्यामुळे ही हकिकत जपानी अहंकाराचा पुरावा म्हणून सांगितली जाते. तिचा मुख्य आधार मात्र फुचिदा व ओकुमिया या जपानी नौदल अधिकाऱ्यांचे युद्धोत्तर कथन हा आहे, आणि फुचिदा यांची विश्वासार्हता अलीकडील अभ्यासकांनी अनेक बाबतींत तपासून शंकास्पद ठरवली आहे. शिवाय सरावातील हल्ला तळावरून आलेल्या विमानांचा होता. मिडवेवरून उडालेल्या अवजड बॉम्बफेकी विमानांचा प्रत्यक्षात एकही बॉम्ब लागला नाही. घात केला तो विमानवाहू नौकांवरील सूरमारी बॉम्बफेक्यांनी. त्यामुळे उगाकींचा निर्णय तांत्रिकदृष्ट्या अगदीच निराधार नव्हता, या मताकडे झुकावे लागते. बुडालेले जहाज पुन्हा पटावर ठेवणे मात्र समर्थनीय ठरत नाही. संगणकाने या खेळांत आणलेला खरा बदल इथे आहे : हुद्द्याला न बधणारा आणि दोन्ही बाजूंची गुपिते राखणारा पंच घरोघरी उपलब्ध झाला.

संगणकावरील आरंभ : येथेही दोन प्रवाह वेगळे ओळखावे लागतात. पहिला नाणे टाकून खेळायच्या यंत्रांचा. ‘पेरिस्कोप’ या विद्युत्-यांत्रिक खेळाचे श्रेय नामको व सेगा या दोन्ही जपानी कंपन्यांना दिले जाते, आणि त्याचा काळ १९६५ किंवा १९६६ असा धरतात. मिडवे कंपनीचा ‘सी वुल्फ’ (१९७६) पडद्यावरचा होता, पण त्यातही दिसणाऱ्या जहाजावर पाणतीर सोडण्यापलीकडे काही नव्हते. दुसरा प्रवाह पुठ्ठ्याच्या पटावरील युद्धखेळांचा. १९८० च्या आरंभी कॅलिफोर्नियातील स्ट्रॅटेजिक सिम्युलेशन्स (एसएसआय) या नव्या कंपनीने जोएल बिलिंग्ज व जॉन लायन यांनी घडवलेला ‘कॉम्प्युटर बिस्मार्क’ बाजारात आणला. मे १९४१ मध्ये अटलांटिकमध्ये निसटलेल्या जर्मन युद्धनौकेचा पाठलाग हा त्याचा विषय. त्याच वर्षी पटखेळांची जुनी कंपनी ॲव्हलॉन हिल हिनेही मिडवे व अटलांटिकमधील ताफे यांवर घरगुती संगणकासाठी खेळ काढले. ‘बिस्मार्क’ नावाचा पटखेळ ॲव्हलॉन हिलने १९६२ मध्येच काढला असल्याने साम्यावरून वाद उद्भवला आणि तो तडजोडीने मिटला. पहिला कोण, हा प्रश्न काही महिन्यांच्या फरकाचा आहे. परंतु संगणक हा प्रतिस्पर्धी आणि पंच अशा दोन्ही भूमिकांत घेण्याची कल्पना ‘कॉम्प्युटर बिस्मार्क’मध्ये अधिक स्पष्ट असल्यामुळे त्याला अग्रस्थान देणे इष्ट.

यानंतर सिड मायर यांचा ‘सायलेंट सर्व्हिस’ (१९८५), लॅरी बाँड यांच्या पटखेळावरून केलेला ‘हार्पून’ (१९८९), ‘एसेस ऑफ द डीप’ (१९९४) आणि ‘सायलेंट हंटर’ मालिका (१९९६ पासून) हे महत्त्वाचे खेळ होत. गॅरी ग्रिग्ज्बी व सहकाऱ्यांच्या ‘वॉर इन द पॅसिफिक’मध्ये (२००४, विस्तारित आवृत्ती २००९) एक खेळी म्हणजे एक दिवस. डिसेंबर १९४१ पासून जपानच्या शरणागतीपर्यंत खेळल्यास तेराशेंहून अधिक खेळ्या होतात, आणि दोन माणसांमधला एक डाव अनेक वर्षे चालू शकतो. ‘रूल द वेव्ह्ज’मध्ये (२०१५) खेळाडू स्वतः युद्धनौकांचे आराखडे करतो. ‘वर्ल्ड ऑफ वॉरशिप्स’ (२०१५) हा सर्वांत जास्त परिचित असला तरी त्यातील अंतरे व वेळ फार आखडलेली आहेत, आणि डावपेचांपेक्षा नेमबाजीकडे त्याचा कल अधिक आहे.

पाणतीराचे गणित : पाणबुडीच्या खेळात कौशल्याची कसोटी येथे लागते. लक्ष्याचा वेग, त्याच्या नाळेच्या (पुढच्या टोकाच्या) दिशेपासून आपण किती अंशांवर आहोत तो कोन, आणि पाणतीराचा वेग या तीन गोष्टी कळल्या की किती अंश पुढे नेम धरायचा ते निघते. नेम-कोनाची ज्या (साइन) म्हणजे लक्ष्याचा वेग गुणिले नाळेपासूनच्या कोनाची ज्या, भागिले पाणतीराचा वेग. १२ नॉट (ताशी सागरी मैल) वेगाने काटकोनात जाणाऱ्या जहाजावर ४६ नॉटचा अमेरिकी मार्क-१४ पाणतीर सोडायचा तर नेम सु. १५° पुढे धरावा लागतो. ३० नॉटच्या जर्मन विद्युत् पाणतीरासाठी तो सु. २४° होतो. या सूत्रात अंतर येतच नाही. पाणतीर सुटल्यावर वळणार नसेल तर लक्ष्य ८०० मीटरवर असो की दोन हजारांवर, कोन तोच राहतो. अंतरासोबत वाढतो तो फक्त मोजमापातील चुकीचा परिणाम. पेरिस्कोपमधून डोलकाठीची उंची मोजून अंतर काढत बसणारा नवखा खेळाडू हे उमजले की वेगाकडे वळतो. वेग काढण्याची सोपी रीत अशी : आपली पाणबुडी स्थिर ठेवून जहाजाची पूर्ण लांबी पेरिस्कोपच्या उभ्या रेषेवरून जायला किती सेकंद लागतात ते मोजायचे. १२० मीटरचे जहाज २० सेकंदांत गेले तर वेग सेकंदाला ६ मीटर, म्हणजे सु. १२ नॉट. पेरिस्कोप पाण्यावर काढून हे करावे लागते आणि प्रत्येक सेकंदागणिक दिसून जाण्याचा धोका वाढतो. खेळाची सारी उत्कंठा या व्यवहारात आहे.

मार्क-१४ पाणतीर १९४३ पर्यंत सदोष होता. तो ठरवलेल्या खोलीपेक्षा सु. ३ मीटर खाली धावे, त्याची चुंबकीय कळ अवेळी उडे आणि काटकोनात आदळल्यास आघाताची कळ चेपून निकामी होई. ‘सायलेंट सर्व्हिस’पासून हा दोष खेळाडूला ऐच्छिक म्हणून चालू ठेवता येतो. चालू ठेवून खेळल्यास त्या काळच्या कप्तानांच्या संतापाची कल्पना येते.

बळाचे गणित : तोफांच्या लढाईसाठी पुष्कळ खेळ ब्रिटिश अभियंता लँचेस्टर याने १९१६ मध्ये मांडलेल्या वर्गनियमाचा कमीअधिक आधार घेतात. तत्सम विचार अमेरिकेत जे. व्ही. चेस व ब्रॅडली फिस्क यांनी आधीच मांडले होते. नियमानुसार समान जहाजांच्या दोन गटांचे बळ संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे सात जहाजे (वर्ग ४९) दहांसमोर (वर्ग १००) हरतात, पण दहांचे पाच-पाच असे दोन तुकडे करून एकेकाला गाठता आले तर (२५ + २५ = ५०) सामना जवळजवळ बरोबरीचा होतो. ट्रफाल्गरच्या लढाईतील (१८०५) ब्रिटिश ॲडमिरल नेल्सनच्या योजनेचे विवरण लँचेस्टरने याच रीतीने केले. क्षेपणास्त्रांच्या काळात मात्र बळ सतत झिजत नाही, एका मारासरशी कोसळते. त्यासाठी वेन ह्यूज यांनी १९८० च्या दशकात वेगळे प्रतिमान दिले. ‘हार्पून’ व ‘कमांड’सारखे आधुनिक खेळ मात्र प्रत्येक क्षेपणास्त्राचा स्वतंत्र माग ठेवतात.

आक्षेप : पाणबुडीच्या खेळांत बहुधा जर्मन बाजूने खेळावे लागते आणि यश बुडवलेल्या टनांत मोजले जाते. जर्मन पाणबुड्यांवरील सु. ४०,००० नौसैनिकांपैकी तीन-चतुर्थांशांच्या आसपास मृत्युमुखी पडले. ही बाब काही खेळांत जाणवते. बुडालेल्या व्यापारी जहाजांवरची माणसे मात्र क्वचितच दिसतात. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर भारतीय खलाशी मोठ्या संख्येने होते. डेकवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, त्यांचे सारंग आणि टंडेल, तर खानपानाच्या कामात गोवेकर अशी वाटणी सर्रास असे. मुंबई व चितगाव येथील दुसऱ्या महायुद्धाच्या स्मारकनोंदींत भारतीय व्यापारी नौवहनातील सु. ६,००० खलाशांचा समावेश आहे. ‘६,००० टनांचे मालवाहू’ एवढीच ओळ पडद्यावर उमटते तेव्हा तिच्यामागे ही माणसे होती, हे खेळाडूने जाणून असावे.

जपानी कोई कंपनीच्या ‘तेइतोकु नो केत्सुदान’ मालिकेवर (१९८९ पासून) जपानी आक्रमणाच्या चित्रणावरून चीनमध्ये टीका झाली, आणि १९९६ मध्ये त्याच कंपनीच्या त्यानजिन येथील काही कर्मचाऱ्यांनी त्यावर काम करण्यास नकार दिला. जर्मनीत नाझी चिन्हांवरील बंदीमुळे खेळांतून ती वगळली जात. ऑगस्ट २०१८ पासून प्रत्येक खेळाचा स्वतंत्र विचार होतो.

हिंदी महासागर : या क्षेत्राला खेळांत गौण स्थान आहे. ‘वॉर इन द पॅसिफिक’च्या नकाशावर भारताचा किनारा असून एप्रिल १९४२ मधील कोलंबो व त्रिंकोमाली येथील जपानी हल्ल्यांची परिस्थिती त्यात उभी करता येते. ‘हार्पून’च्या एका पुरवणी-संचाचा विषय हिंदी महासागर व इराणी आखात हा होता. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी रॉयल इंडियन नेव्हीच्या ‘बेंगॉल’ या सुरुंग-निवारक नौकेने डच तेलवाहू ‘ओंडिना’च्या साथीने, एकाच लहान तोफेनिशी, दोन सशस्त्र जपानी जहाजांना तोंड दिले आणि त्यांपैकी ‘होकोकु मारू’ बुडाले. लहान प्रसंगखेळासाठी याहून चांगले कथानक सापडणे कठीण. ४ डिसेंबर १९७१ ची कराचीवरील भारतीय क्षेपणास्त्र-नौकांची मोहीमही तशीच मोलाची आहे, कारण कमी पल्ल्याच्या नौका शत्रूच्या बंदराजवळ न दिसता कशा न्यायच्या, हा शुद्ध शोध-लपाचा प्रश्न तिच्यात होता. शिडाच्या काळापुरते पाहता ‘एम्पायर : टोटल वॉर’ (२००९) या खेळात मराठा राज्य खेळाडूला निवडता येते व त्यात समुद्रावरील लढायाही आहेत. मात्र गलबतांनी ओढत नेलेल्या गुराबांनी वारा पडलेल्या वेळी मोठ्या युरोपीय जहाजाला मागून गाठण्याची आंग्र्यांच्या आरमाराची रीत त्यात उतरलेली नाही.