भरतीचा हिशोब आणि पावसाचा अंदाज

मोबाईलवर दोन्ही एकाच ठिकाणी दिसतात. वर भरती ३.४२ वाजता, खाली पावसाची शक्यता ६० टक्के. भरती सांगितलेल्या वेळेला येते, पाऊस काही येत नाही, आणि नाक्यावर लगेच निकाल लागतो, "हवामान खात्याला काही कळत नाही." हे ऐकलं की मला गप्प बसवत नाही. या दोन आकड्यांची जातच वेगळी आहे.

भरती म्हणजे हिशोब. चंद्र-सूर्याची ओढ आणि पृथ्वीचं फिरणं, दोन्ही ठरलेलं. एका भरतीनंतर दुसरी साधारण १२ तास २५ मिनिटांनी, म्हणून रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा पाऊण-एक तास उशिरा. किनाऱ्यावरची जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून वेळ सांगतात. पंचमी असली तर पावणेचार, अष्टमीला सहा. पुनव-अवसेला दुपारी भरती आणि पाण्याला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याची चढउतार कमी. अ‍ॅपही हेच करतं, फक्त बारकाईने. बंदरावर वर्षानुवर्षं मोजलेल्या पाण्यातून अनेक लहानमोठी आवर्तनं वेगळी काढायची आणि त्यांची बेरीज पुढे चालवायची. लॉर्ड केल्व्हिन यांनी १८७०च्या दशकात हे काम करणारं चाकं आणि कप्प्यांचं यंत्र बनवलं, तेव्हा संगणक नव्हता. पुढच्या नारळी पौर्णिमेची भरती आजच सांगता येते ती यामुळे.

पावसाचं असं नाही. हवासुद्धा भौतिकशास्त्राच्याच नियमांनी चालते, पण आजच्या मोजमापात जरासा फरक राहिला तर चार-सहा दिवसांत तो फुगून चित्रच पालटतो. एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ साली हे दाखवून दिलं. म्हणून आता संगणकावर एकच गणित पुन्हा पुन्हा, दर वेळी सुरुवात किंचित बदलून सोडवतात. ढोबळमानाने सांगायचं तर दहांपैकी सहा वेळा पाऊस दिसला की ६० टक्के. म्हणजे असे दहा दिवस आले तर चार कोरडे जाणार, हे त्या आकड्यातच सांगितलेलं आहे. एका कोरड्या दिवसावरून अंदाज खोटा ठरत नाही, त्यासाठी अख्ख्या मोसमाची नोंद बघावी लागते. शिवाय पाऊस जागेजागेला वेगळा. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम ७३.

मग ३० टक्के दिसलं तर करायचं काय? मे संपत आलेला असतो, अंगणात कोकमाची सोलं पसरलेली असतात. आगळात, म्हणजे कोकमाच्याच खारवलेल्या रसात, बुडवून पुन्हा उन्हात टाकलेली, अजून हाताला ओलसर लागणारी. एक सर आली तर बुरशी धरते आणि सगळी मेहनत फुकट. त्या घराने ३० टक्क्यांनाही ताडपत्री काढावी. त्याच गावातून बाजाराला निघालेल्या माणसाने ३० टक्क्यांना छत्री नाही घेतली तरी चालेल. ज्याचं जेवढं नुकसान, तेवढी त्याची सावधगिरी.

उलटी चूक जास्त धोक्याची आहे. भरतीचा आकडा पक्का, म्हणून समुद्राबद्दलचं सगळंच त्यात आलं असं पर्यटक धरून चालतात आणि ओहोटी बघून खडकांवर जातात. त्या आकड्यात वारा धरलेला नसतो, हवेचा दाबही नसतो. दाब एका हेक्टोपास्कलने उतरला की पाणी साधारण एक सेंटिमीटर चढतं, वर वादळाचा वारा ते किनाऱ्याकडे लोटतो. लाटाही त्यात नाहीत. दक्षिणेकडच्या महासागरात हजारो किलोमीटरवर उठलेल्या लाटा इथे निरभ्र आकाशाखाली येऊन आदळतात. लाटांचा इशारा हैदराबादची इन्कॉइस ही संस्था वेगळा देते, तोही बघायला हवा. आणि वेळ असते ती बंदराची, खाडीत आत जावं तशी भरती उशिरा पोचते. कालवं काढणाऱ्या बायकांना आपल्या खडकावर पाणी कधी फिरतं ते चांगलं ठाऊक असतं, पाहुण्याने त्यांनाच विचारावं.

पावसाळ्यात मात्र हे दोन्ही आकडे एकत्रच बघावे लागतात. खाडी भरतीने चढलेली असली की नदीच्या पुराला उतरायला वाट मिळत नाही. २२ जुलै २०२१ला चिपळूण वाशिष्ठीच्या पाण्यात बुडालं, त्यानंतर तिथल्या कुणाला हे समजावायची गरज नाही. उधाणाच्या दिवसांत ऑरेंज अलर्ट आला तर खालच्या फळीवरचा माल भरतीच्या दोन-तीन तास आधी वर चढवावा. भरतीची वेळ कागदावर लिहून ठेवली तरी पुरे, पावसाचा अंदाज दर काही तासांनी नव्याने उघडून बघावा.