ब्रेक ऑइल कमी झालं की टॉप-अप? आधी पॅड बघा

‘ब्रेक ऑइल खाली गेलंय? वरून भरा, झालं काम.’ ठाण्यात हा सल्ला हमखास मिळतो, पण तो अर्धवट आहे. पॅड झिजले की कॅलिपरचा (पॅडला डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन बाहेर सरकतो, मागची जागा भरायला टाकीतलं ऑइल खाली उतरतं. पॅडचं अस्तर ३ मिलिमीटरवर आलं असेल तर पॅड बदला. नवे बसवताना पिस्टन मागे दाबताच पातळी चढते. वरून भरलेलं असेल तर तेच ऑइल उतू जाऊन बॉनेटखालचा रंग खातं. पॅड जाड आणि तरी पातळी खाली? मग गळती आहे. गाडी हलवू नका, चाकांच्या आतल्या बाजूला ओल शोधा.

शिवाय टॉप-अपने जुन्या ऑइलात मुरलेलं पाणी जात नाही. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी मुरल्यावर १५५ला. मग गायमुख घाट उतरताना ब्रेक तापून ऑइल उकळलं की पेडल मऊ पडू शकतं. आपल्या दमट हवेत दर २ वर्षांनी ब्लीडिंग, म्हणजे जुनं ऑइल बाहेर काढून नवं भरणं, कराच. कॅलिपरवरच्या निपलला (ऑइल बाहेर सोडणाऱ्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावा, जोडीदाराने पेडल दाबून धरायचं, निपल पाव फेरा उघडून बंद करायचं, मगच पेडल सोडायचं. आधी सोडलं की हवा आत, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. टाकी रिकामी होऊ नये म्हणून तिच्यावर मात्र सतत नजर हवी.