क्राकेनचा डोळा एवढा मोठा कशासाठी?

समुद्री राक्षसाच्या भयकथेचा साचा ठरलेला असतो. किनाऱ्यावरचे जुनेजाणते सांगत असतात की खोल पाण्यात ‘ते’ राहतं, शहरातून आलेला शास्त्रज्ञ ते हसण्यावारी नेतो, आणि शेवटी जहाजाला विळखा पडतो. मला या कथा मनापासून आवडतात, पण त्यातला शास्त्रज्ञ मात्र पटत नाही. दंतकथेतला प्राणी खरा निघाल्याचं सर्वात ठसठशीत उदाहरण म्हणजे क्राकेन, आणि हा प्राणी खरा आहे असं ठामपणे मांडलं ते एका शास्त्रज्ञानेच.

अठराव्या शतकात एरिक पोंटोपिडान या बिशपने नॉर्वेच्या कोळ्यांकडून ऐकलेला क्राकेन लिहून ठेवला होता. बेटाएवढा, जहाजं बुडवणारा. पुढे डेन्मार्कच्या किनाऱ्याला एक प्रचंड मृत प्राणी लागला. लोकांनी तो आमिषासाठी कापून नेला, पण त्याची कठीण चोच वाचली. ती चोच तपासून प्राणिशास्त्रज्ञ यापेटुस स्टीनस्ट्रुप यांनी 1857 मध्ये या प्राण्याला आर्किट्युथिस असं शास्त्रीय नाव दिलं. हा होता महाकाय स्क्विड, म्हणजे आपल्या कोकणातल्या बाजारात मिळणाऱ्या माकुळाचा लांबचा नातेवाईक. 1861 मध्ये कॅनरी बेटांजवळ ‘अलेक्टन’ या फ्रेंच नौकेने एकाला दोर टाकून ओढायचा प्रयत्न केला. दोर मांसात रुतला आणि हाती फक्त शेपटाकडचा तुकडा आला. 1870 च्या दशकात न्यूफाउंडलंडला मोझेस हार्वी या पाद्र्याने एका स्क्विडचे हात आपल्या घरी टांगून त्यांचा फोटोच काढून घेतला. त्यानंतर शंकेला जागा उरली नाही.

याची लांबी साधारण 12-13 मीटरपर्यंत जाते, आणि त्यात मोठा वाटा भक्ष्य पकडणाऱ्या दोन लांब शुंडांचा. पण मला खिळवून ठेवतो तो त्याचा डोळा. त्याचा व्यास 27 सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे फुटबॉलपेक्षा मोठा, आणि नुसती बाहुलीच 9 सेंटिमीटरची. खोल पाण्यात शिकार करणाऱ्या स्वोर्डफिशचा अख्खा डोळा जेमतेम तेवढा असतो. डोळा बाळगणं शरीराला महाग पडतं. मग हा तिप्पट खर्च कशासाठी?

डान-एरिक निल्सन, एरिक वॉरंट, सोंके जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये हे गणित मांडलं. सहाशे मीटरखाली सूर्यप्रकाश जवळजवळ संपतो. तिथे दिसतो तो जिवांनी स्वतः निर्माण केलेला प्रकाश. एखादा छोटा प्राणी चमकला तर तो एक ठिपका असतो. तो ठिपका जास्त दुरून दिसावा म्हणून बाहुली मोठी केली तरी एका मर्यादेनंतर फायदा फारसा वाढत नाही, कारण पाणी प्रकाश झपाट्याने शोषतं.

पण समोरून स्पर्म व्हेल, म्हणजे खोल बुडी मारून स्क्विड खाणारा प्रचंड देवमासा, येत असेल तर? त्याच्या धक्क्याने पाण्यातले असंख्य सूक्ष्म जीव उजळतात. (कोकणात काही वेळा रात्री लाटा निळसर चमकतात, त्यामागेही असेच जीव असतात.) व्हेलभोवती अंधुक प्रकाशाचा मोठा पट्टा तयार होतो. शंभर मीटरवरून तो पार्श्वभूमीपेक्षा किंचितच उजळ असतो, आणि हा किंचित फरक ओळखणं हाच खरा प्रश्न. प्रकाशकण डोळ्यात ठरावीक संख्येने येत नाहीत, कमीजास्त येतात. सरासरी 100 कण येत असतील तर त्यात 10 चा चढउतार आपोआप होतो, म्हणजे 10 टक्के. त्याहून बारीक फरक त्यात बुडून जातो. 10,000 कण येत असतील तर चढउतार 100 चा, म्हणजे फक्त 1 टक्का. चढउतार वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून जास्त कण गोळा करणारा डोळा जास्त पुसट फरक पकडतो. मोठी बाहुली इथे कामाला येते. निल्सन यांच्या गटाच्या हिशोबाने हा स्क्विड 120 मीटरहून लांबचा व्हेल पाहू शकतो. व्हेल आपल्या सोनारने, म्हणजे आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून, त्याला त्याहूनही आधी हेरतो आणि स्क्विडला तो आवाज ऐकू येत नाही. पण एवढ्या अंतरावर दिसला तर निसटायला वेळ मिळतो.

म्हणजे कथांमध्ये माणसावर रोखलेला तो भयंकर डोळा बहुधा शिकाऱ्याला वेळीच पाहण्यासाठी घडलेला आहे. हा निष्कर्ष सर्वांना मान्य नाही. शरीराच्या मानाने स्क्विडचे डोळे असेच वाढतात, यात वेगळं काही नाही, असं 2013 मध्ये दुसऱ्या गटाने मांडलं. मला मात्र पहिलं गणित जास्त पटतं, कारण स्पर्म व्हेलच्या पोटात महाकाय स्क्विडच्या चोची खरोखर सापडतात.

खरा प्राणी असे पुरावे मागे सोडतो. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे ‘समुद्रातून निघालेल्या राक्षसाचे’ व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी एवढं तरी विचारावं, की त्याचा नमुना कोणी तपासला? 2003 मध्ये चिलीच्या किनाऱ्याला लागलेल्या प्रचंड गोळ्याची जगभर अशीच चर्चा झाली होती. डीएनए तपासल्यावर ते स्पर्म व्हेलचे अवशेष निघाले.

जिवंत महाकाय स्क्विडचे खोल पाण्यातले पहिले फोटो त्सुनेमी कुबोदेरा आणि क्योइची मोरी यांनी 2004 मध्ये जपानच्या ओगासावारा बेटांजवळ मिळवले. व्हिडिओसाठी मात्र 2012 उजाडावं लागलं. आधीच्या पाणबुड्या झगझगीत पांढरे दिवे लावून उतरत. इतक्या संवेदनशील डोळ्याचा प्राणी त्यापासून लांबच राहणार. सागरी जीवशास्त्रज्ञ एडिथ विडर यांनी त्याला न दिसणारा लाल प्रकाश वापरला, आणि सोबत निळे दिवे फिरवणारी एक नकली जेलीफिश सोडली. अटोला नावाची जेलीफिश हल्ला झाला की असेच दिवे फिरवते, आणि त्या उजेडाने हल्लेखोरालाच खाणारा मोठा प्राणी तिथे ओढला जातो. स्क्विड आला तो त्या निळ्या दिव्यांकडेच.