कुड्याची साल: दोन झाडांच्या घोळाची पार्श्वभूमी

पांढऱ्या कुड्याच्या सालीविषयीचे जुने मतभेद तिच्या गुणापेक्षा तिच्या ओळखीबद्दलच अधिक झाले आहेत. अतिसारावर कुटज म्हणजेच कुडा देण्याची परंपरा चरकसंहितेइतकी जुनी आहे, आणि त्याच संहितेच्या कल्पस्थानात मोठ्या फळांचा, पांढऱ्या फुलांचा पुरुष-कुटज व लहान फळांचा, तांबूस फुलांचा स्त्री-कुटज असे दोन प्रकार सांगितले आहेत. स्त्री-कुटज म्हणजे आजचा काळा कुडा हे दुसरे झाड, असे अनेकदा मानले जाते. परंतु काळ्या कुड्यालाही पांढरीच फुले येतात, त्यामुळे ही जुळणी पटण्यासारखी नाही.

1563 मध्ये गोव्यात छापलेल्या एका पोर्तुगीज वैद्याच्या ग्रंथात आमांशावरील मलबारी औषधाचे जे वर्णन आहे, ते सामान्यतः कुड्याचेच मानले जाते. खरा घोळ मात्र अठराव्या शतकात वाढला. 1753 मध्ये ‘आमांशनाशक’ या अर्थाचे लॅटिन विशेषण ज्या वनस्पतीला दिले गेले, ती काळ्या कुड्याची श्रीलंकेतील भाईबंद होती. पुढे तेच विशेषण पांढऱ्या कुड्याच्या शास्त्रीय नावातही आले आणि दीर्घकाळ रूढ राहिले. त्यातच युरोपात पोहोचणाऱ्या मालात काळ्या कुड्याची साल मिसळलेली असे. पांढऱ्या कुड्याच्या सालीतील कडू अल्कलॉइडे (वनस्पतींतील नत्रयुक्त, औषधी परिणामाची द्रव्ये) काळ्या कुड्यात तशी नसल्यामुळे गुण येईना, आणि चुकीच्या झाडाचा दोष खऱ्या औषधाच्या माथी बसला. हा त्या सालीवर झालेला अन्यायच होता.

1858 मध्ये मुंबईत एका रसायनतज्ज्ञाने सालीतून कोनेसीन हे तिचे प्रमुख अल्कलॉइड वेगळे केल्यावर तिच्या परीक्षेला पक्का आधार मिळाला. 1920च्या दशकात कोलकात्यात या सालीतील अल्कलॉइडांपासून केलेले बिस्मथयुक्त औषध अमीबाजन्य आमांशावर वापरात आले. इपिकाक या वनस्पतीच्या मुळातून मिळणाऱ्या एमेटीन या आमांशावरील तेव्हाच्या औषधाचा हृदयावर दुष्परिणाम होत असल्याने हा पर्याय महत्त्वाचा होता. मात्र शुद्ध कोनेसीन दिलेल्या काही रुग्णांमध्ये निद्रानाश आणि मानसिक अस्वस्थता दिसली, आणि 1960च्या दशकात मेट्रोनिडॅझोल हे आमांशावरील नवे औषध आल्यावर रुग्णालयांतील कुड्याच्या औषधांचा वापर ओसरला.

कुटजारिष्ट आणि कुटजघनवटी या आयुर्वेदिक औषधांसाठी मात्र सालीची मागणी आजही आहे. झाड उभे असताना शेंगांवरून फरक कळतो: काळ्या कुड्याच्या जोडशेंगा कोवळेपणी टोकाशी चिकटलेल्या असतात, तर पांढऱ्याच्या सुट्या लोंबतात. वाळवून तुकडे केलेल्या सालीत ही खूण उरत नाही. म्हणून सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी आणि कोनेसीनची चाचणी झाल्याखेरीज असा माल औषधासाठी स्वीकारला जाऊ नये.