डायनासोरचं वय कार्बन डेटिंगने निघत नाही

डायनासोरचं हाड सापडल्याची बातमी आली की तिसऱ्या-चौथ्या ओळीत ते ठरलेलं वाक्य येतंच: ‘कार्बन डेटिंगद्वारे वय निश्चित केले जाईल.’ दर वेळी चीड येते. शब्द चुकतो तो चुकतोच, शिवाय त्या चुकीखाली खरी पद्धत झाकली जाते.

कार्बन डेटिंग बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. जीव जिवंत असेपर्यंत शरीरात कार्बन-१४ हा किरणोत्सर्गी कार्बन येत राहतो. मेल्यावर आवक बंद होते आणि साठा दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. विलर्ड लिबी यांना १९६० चं रसायनशास्त्राचं नोबेल याच कामासाठी मिळालं. पण साधारण ५० हजार वर्षांपलीकडे मोजण्याजोगं काही उरत नाही. डायनासोर संपले ६.६ कोटी वर्षांपूर्वी. तेवढ्या काळात साठा साडेअकरा हजार वेळा निम्मा झाला असता!

इथवर पटलं की लोक म्हणतात, मग हाडात कार्बनऐवजी युरेनियम मोजायचं, एवढंच ना? नाही. खरा घोळ इथेच आहे.

कार्बनमध्ये घड्याळ त्या जिवाचंच असतं आणि ते मृत्यूपासून चालू होतं. पोटॅशियम-आर्गॉन किंवा युरेनियम-शिसे या पद्धतींत घड्याळ ज्वालामुखीतून आलेल्या स्फटिकाचं असतं आणि स्फटिक तयार झाला की चालू होतं. पोटॅशियमपासून बनणारा आर्गॉन हा वायू. खडक वितळलेला असताना तो निसटून जातो, थिजला की आत अडकू लागतो. झिरकॉन या खनिजाचा बारीकसा स्फटिक घडताना युरेनियम सामावून घेतो, शिशाला मात्र जवळजवळ थारा देत नाही. त्यामुळे आज त्यात सापडणारं शिसं बहुतांशी नंतर, युरेनियमच्या ऱ्हासातून आलेलं असतं. दोन पद्धतींपैकी कुठली वापरायची, हे बरंचसं ज्वालामुखीच्या राखेत कोणती खनिजं मिळतात त्यावर ठरतं.

म्हणजे वय निघतं ते राखेच्या थराचं. हाड कुठल्या थराच्या वर आहे आणि कुठल्या थराखाली, यावरून त्याचं वय दोन आकड्यांमध्ये पकडायचं. डायनासोर नव्हे, पण पद्धत तीच: इथिओपियात हादर इथे १९७४ मध्ये सापडलेली ‘ल्यूसी’, म्हणजे मानवकुळातल्या प्राचीन मादीचा सांगाडा, घ्या. तिच्या थोडं खाली असलेल्या राखेचं वय आर्गॉनवरून सुमारे ३१.८ लाख वर्षं निघालं. ल्यूसी त्या राखेच्या वर, म्हणून त्याहून किंचित अलीकडची. तिच्या हाडातला आर्गॉन कुणीही मोजला नाही.

मग हाड ज्या वाळूच्या खडकात रुतलंय, त्याचेच कण का मोजू नयेत? कारण ते कण आधीच्या कुठल्यातरी खडकातून झिजून, वाहून आलेले असतात. ऑस्ट्रेलियात जॅक हिल्सच्या खडकांत ४४० कोटी वर्षांपूर्वीचे झिरकॉन मिळाले, पण ते ज्या गाळात बसलेत तो साचला सुमारे ३०० कोटी वर्षांपूर्वी. मधल्या १४० कोटी वर्षांचा फरक! असा कण एवढंच सांगतो की खडक माझ्याहून जुना नाही.

म्हणून बातमीत ‘हाडाचं वय मोजलं’ असं लिहूच नये, असं माझं ठाम मत आहे. ‘हाडाखालच्या राखेचं वय मोजलं’ असं लिहायला एकच शब्द जास्त लागतो.