डब्यावरचे १००० आणि प्रयोगशाळेतले १०००

यूएसबीचा स्वस्त सूक्ष्मदर्शक घरी आला की पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला: "यात दह्यातले जंतू दिसतील का?" प्रश्न चुकीचा नाही. डब्यावर ठळक '१००० एक्स' छापलेलं असतं आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शकही १००० पटच दाखवतो.

पण हे दोन आकडे वेगळ्या जातीचे आहेत. कॉलेजातला आकडा गुणाकाराचा: डोळ्याजवळचं भिंग १० पट, खालचं १०० पट, तेही काचपट्टीवर तेलाचा थेंब सोडून. यूएसबीवाल्या नळीत असतं एक भिंग आणि वेबकॅमसारखा कॅमेरा. किती पट, ते पडद्यावर ठरतं. खात्री करायची तर स्टीलची मोजपट्टी धरा. माझ्या नळीतून तिचे २ मिलिमीटर लॅपटॉपचा ३४ सेंटिमीटर रुंद पडदा भरतात, म्हणजे १७० पट. तेच चित्र ४३ इंची टीव्हीवर टाकलं, की पडदा ९५ सेंटिमीटरचा, म्हणून झाले ४७५ पट! पट्टीवरच्या ओरखड्यात नवं काहीच दिसत नाही, तो नुसता फुगतो. आणि कॅमेऱ्याचं चित्र आडवं ६४० ठिपक्यांचं असेल, तर एकेका ठिपक्यात ३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मावतात. दह्यातला लॅक्टोबॅसिलस जाडीला जेमतेम १ मायक्रॉन. तो दिसणार कसा?

खरा फरक मला उजेडाचा वाटतो. नळीच्या तोंडाशी बारक्या एलईडींचं कडं असतं, उजेड वरून पडतो. कॉलेजवाल्यात तो खालून, वस्तूच्या आरपार येतो. त्यामुळे तांदळातला सोंडकिडा तिथे ठेवला तर नुसती काळी सावली. नळीखाली मात्र त्याची वाकडी सोंड, तिच्यावरच्या कोपरात मोडलेल्या मिशा, पाठीवरचे खळगे, सगळं लख्ख. (किडा आधी तासभर फ्रीजरमध्ये ठेवा, नाहीतर फोकस जुळेपर्यंत तो टेबलाखाली गेलेला असतो.) पाचशेच्या नोटेवरची 'भारत' ही सूक्ष्म अक्षरं किंवा मोबाइलच्या पडद्यावरचे लाल-हिरवे-निळे ठिपकेही असेच मजेत दिसतात. चकाकणाऱ्या वस्तूवर एलईडीचे पांढरे डाग पडतात. तिथे नळीच्या तोंडाला बटर पेपरचा तुकडा गुंडाळून त्याची कड थोडी पुढे ठेवा. आणि फोटो काढताना नळीवरचं बटण दाबू नका, हमखास हलतं. लॅपटॉपवरून क्लिक करा.

कांद्याचा पापुद्रा दोघांच्या सीमेवर बसतो. वरच्या उजेडात तो पारदर्शक, काही म्हणता काही दिसत नाही. एलईडी बंद करून काचेखाली मोबाइलचा टॉर्च ठेवा, मध्ये बटर पेपर. पेशींची विटांसारखी जाळी उमटते. केंद्रकाची मात्र आशा धरू नका. तेवढ्यासाठी आरपार उजेडासाठीच बनवलेला सूक्ष्मदर्शक हवा, आणि खिसा लहान असेल तर स्टॅनफर्डमधल्या मनू प्रकाश यांच्या चमूने काढलेला कागदी फोल्डस्कोप बघा. त्यावर आकडा १४०चाच आहे, पण आयोडीनचा थेंब टाकलेल्या पापुद्र्यात केंद्रक दिसतं.