लाकडी प्लेट कॅमेरे : संग्रह व मूल्यमापन

धातूच्या वा काचेच्या प्लेटवर किंवा मोठ्या शीट फिल्मवर (सुट्या पानासारख्या फिल्मवर) छायाचित्र टिपणारे जुने लाकडी कॅमेरे जमवणे, त्यांचा काळ ओळखणे आणि किंमत ठरवणे असा हा छंद. काहींचा तो व्यवसायही आहे. संग्राहकांचे लक्ष मुख्यतः १८३९ ते विसाव्या शतकाचा पूर्वार्ध या काळातल्या कॅमेऱ्यांवर असते. सुरुवातीचे कॅमेरे म्हणजे एकीत एक सरकणाऱ्या दोन पेट्या. लेन्सचा व प्लेटचा भाग जोडणारा घडीचा चामडी भाता पुढे रूढ झाला आणि कॅमेरा मिटवून पाठीवरून नेता येऊ लागला.

जुना म्हणजे महाग, हा समज इथे फसवा ठरतो. १८८० नंतर तयार ड्राय प्लेट (कोरड्याच वापरायच्या काचा) सर्रास मिळू लागल्या, हौशी छायाचित्रकार वाढले आणि महोगनी लाकडाचे हाफ-प्लेट (पूर्ण आकाराच्या साधारण निम्म्या प्लेटचे) कॅमेरे ढिगाने निघाले. बर्मिंगहॅमच्या लँकेस्टर कंपनीचे असे कॅमेरे दिसायला देखणे असले तरी दुर्मिळ नाहीत. याउलट पॅरिसमध्ये जिरूने १८३९ साली बनवलेल्या, छायाचित्रणाची पहिली व्यवहार्य पद्धत देणाऱ्या दागेरच्या सहीची पट्टी असलेल्या कॅमेऱ्याला २०१० मध्ये व्हिएन्नातील लिलावात सात लाख युरोंहून अधिक किंमत आली.

पितळी पट्टीवरच्या सालावर विसंबू नये. ते बहुधा पेटंटचे असते आणि तोच नमुना पुढे कित्येक वर्षे बनत राहिलेला असतो. नावही कधी कारागिराचे नसून विक्रेत्याचे असते. लाकूड त्यापेक्षा खरे बोलते. ड्राय प्लेटआधीच्या वेट प्लेटच्या काळात, म्हणजे काच रसायनाने ओली असतानाच वापरत तेव्हा, तिच्यावरून सिल्व्हर नायट्रेट ठिबकत असे. त्याचे काळे डाग प्लेट-होल्डरच्या (प्लेट धरणाऱ्या प्रकाशबंद चौकटीच्या) तळाशी आणि कॅमेऱ्याच्या मागच्या भागात आत मुरलेले सापडतात. नवखा विक्रेता ते घासून काढतो आणि पुरावाच पुसून टाकतो. मूळ फ्रेंच पॉलिश (लाखेचे हाताने दिलेले पॉलिश) खरवडून चकचकीत वॉर्निश चढवणे, पितळ लख्ख घासणे, यांनीही किंमत उतरतेच.

लेन्स पुष्कळदा कॅमेऱ्यापेक्षा महाग असते. पेट्झव्हालने १८४० मध्ये रचलेल्या घडणीच्या पोर्ट्रेट लेन्सना पार्श्वभूमी भोवऱ्यासारखी दिसते म्हणून आजही मागणी आहे. त्यामुळे मूळ लेन्स काढून विकायची आणि जागी दुसरी बसवायची, हा प्रकार जुनाच. लेन्सबोर्डवर (लेन्स बसवायच्या फळीवर) बुजवलेली स्क्रूची भोके दिसली की शंका घ्यावी. भाता तपासण्यासाठी अंधाऱ्या खोलीत आतून विजेरी लावतात. छिद्रे बहुधा चुण्यांच्या कोपऱ्यांत असतात. वापरण्यासाठी घेणाऱ्याला नवा भाता चालतो, संग्राहकाला फाटका का होईना, मूळचाच हवा असतो.

प्लेट-होल्डर नसलेला कॅमेरा स्वस्तात मिळतो, आणि त्याला कारण आहे. जुने होल्डर अनेकदा त्या त्या कॅमेऱ्यापुरते हाताने बसवलेले असत, दुसऱ्याचा चालेलच असे नाही. शिकागोच्या डीअरडॉर्फ कंपनीच्या ८ × १० इंची कॅमेऱ्यात मात्र आज मिळणारे प्रमाणित होल्डर बसतात, म्हणून त्याला संग्राहकांइतकेच काम करणारे छायाचित्रकारही गिऱ्हाईक असतात.